मऊ खुरं

मंगळवार, २ मे १९८९

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. घड्याळात पावणेसात. विणाऱ्या मेंढ्यांची पहाटेची फेरी चुकली.

नवऱ्याला, बेन्यातला, जाऊन सात महिने झाले. या सात महिन्यांत मी इतकी गाढ कधी झोपले नव्हते. उठल्यावर क्षणभर फार बरं वाटलं, अगदी लहानपणी आजारातून उठल्यावर वाटायचं तसं. मग घड्याळ दिसलं. पहाटेची फेरी चाळीस वर्षं त्याची होती, संध्याकाळची माझी. आता दोन्ही माझ्या.

ओढ्याकाठच्या कुरणात तीन कोकरं पडलेली. पोटाकडून खाल्लेली. दहिवरात कायोटींची पावलं स्पष्ट होती, कोल्ह्याहून मोठी, जोडीची. खुरं तेवढी शाबूत होती. पिवळी, मेणासारखी मऊ, बोटानं दाबली तर दबत होती. चिखलाचा कणसुद्धा नाही. इतक्या कोवळ्या जिवांवर तोंड टाकायला लाज कशी वाटत नाही त्यांना.

शेडच्या दारावर बेन्यात खडूनं रेघा ओढायचा, मेलेल्या कोकरामागे एक. यंदा मी दाराचे दोन भाग केले आहेत. डावीकडे ‘मेली’, उजवीकडे ‘कायोटी’. लेकीशी, मायलेनशी, हिवाळ्यात तसं ठरलंय. ती डेन्व्हरहून आली होती तेव्हा म्हणाली, “अमा, दोनशे मेंढ्या आणि एकटी बाई. तू पडलीस कुठं तर चार दिवस कुणाला कळणार नाही.” मी म्हणाले, मला एक वसंत दे. दहापेक्षा जास्त कोकरं माझ्या हातून गेली तर शरद ऋतूत मेंढ्या विकीन आणि तुझ्याकडे येईन. पण कायोटीनं नेलेली धरायची नाहीत, त्यात माझा दोष नाही. ती हसून बरं म्हणाली.

उजवीकडे तीन रेघा ओढल्या.

झोपेचं कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिलं, तेवढं पुरे.

गुरुवार, ४ मे

ऑर्व्हलला बोलावलं होतं. पश्चिमेचा शेजारी, माझ्याच वयाचा, लग्न न केलेला. तरुणपणी सापळे लावून कायोटींची कातडी विकायचा. दारातूनच ओरडला, “गाशू, कॉफी असेल तर दे. बेन्यातची वाईन उरली असेल तर कॉफी नको.”

“सकाळचे नऊ वाजलेत.”

“म्हणून तर विचारून घेतोय.”

कोकरं मी पोत्याखाली ठेवली होती. त्यानं बुटाच्या टोकानं एकेक उलटवलं. एकाचा पाय हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

“हं. कायोटीनं खाल्लंय खरं,” तो म्हणाला.

“लाल घळीतली जोडी. पावलं पाहिली मी.”

“तीच असणार. दुसरी कोण येतेय इथं.”

“मारायला हवीत, ऑर्व्हल.”

त्यानं पाय खाली ठेवला, हात पँटला पुसले. “तुला मारायचीच आहेत?”

“हो.”

“मग शिकवतो. रायफल साफ करून ठेव. बेन्यातला मात्र हे आवडलं नसतं.”

ते मलाही ठाऊक आहे. बेन्यातनं ती जोडी आठ वर्षं राहू दिली. संध्याकाळी ती घळीतून ओरडायला लागली की तो चमचा खाली ठेवायचा. “आपली आहेत. ती आहेत तोवर दुसरी येत नाहीत,” असं म्हणायचा. मला तो त्याचा हळवेपणा वाटायचा. त्याला हळवं व्हायला परवडायचं. त्याच्या बाजूला मी होते.

शुक्रवार, ५ मे

फिरत्या वाचनालयाची गाडी आली. कायोटींवरचं जाड पुस्तक मागच्या महिन्यात सांगून ठेवलं होतं, ते मिळालं. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं मी या गाडीतून शिकले, तेव्हा पुस्तक हातात पडलं की मी ते नीट वाचते, ओळीखाली पट्टी धरून.

नर-मादी आयुष्यभर एकत्र राहतात. दोघं ओरडली तरी दहा आहेत असं वाटतं. हाक ऐकून कायोटी सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाते आणि आधी वास घेते. वास पटला नाही तर ती आली होती हेसुद्धा आपल्याला कळत नाही. एप्रिलच्या शेवटी पिल्लं होतात, तेव्हा नर शिकार आणतो आणि मादी बिळापाशी असते.

मेलेलं जनावर कातडी सोलून कसं तपासावं याचंही एक प्रकरण आहे, चित्रांसकट. जेवायच्या आधी नको, म्हणून सोडून दिलं.

मंगळवार, ९ मे

कालपासून ओला बर्फ. अंगावर पडून वितळणारा. आजवर सत्तरएक मेंढ्या व्यायल्या असतील. आज पहाटे उठले होते. बूट घातले, आणि मग खुर्चीत बसले ती बसलेच. उजाडलं तेव्हा बूट पायातच होते.

आणखी तीन कोकरं खाल्लेली मिळाली, शेडच्या पाठीमागेच. इतक्या जवळ ती कधी येत नव्हती. उजवीकडे सहा झाल्या. डावीकडे चार आहेत, त्यातली दोन जुळी होती आणि जगणारच नव्हती.

वार आणि मेलेली कोकरं बेन्यात रोज सकाळी बादलीत घालून पार दूरच्या कोरड्या नाल्यात टाकून यायचा, दीड मैल. मी शेडमागच्या खड्ड्यात ओतते. पाठ साथ देत नाही.

मायलेनचा फोन आला.

“किती गेली, अमा?”

“चार.”

“चारच? या बर्फात?”

“माझी चार. कायोटीची सहा, ती वेगळी.”

“आइता होता तेव्हा इतकी न्यायची का ती?” बापाला ती आइता म्हणते.

“यंदा नेताहेत.”

“का पण?”

“ते मला सांगायला येत नाहीत. तू जेवलीस का?”

“विषय बदलू नकोस.”

“मी बदलला नाही, संपवला.”

गुरुवार, ११ मे

पहिला धडा. ऑर्व्हलकडे ससा ओरडतो तसा आवाज काढायची एक लाकडी पिपाणी आहे. सेजच्या झुडपात पाठीला ऊन घेऊन बसलो. त्यानं वाजवली, मग मी वाजवली.

“हा ससा जखमी नाही,” तो म्हणाला, “हा ससा कुणाच्या तरी लग्नात गातोय.”

पाऊण तास काही आलं नाही. उठून मागे गेलो तर आमच्याच मागे, वाऱ्याच्या खाली, बर्फात ताजी पावलं. नर येऊन, आमचा वास घेऊन, बसून, परत गेला होता. बसल्याची खूणसुद्धा होती. ऑर्व्हल खूष झाला. “शहाणा आहे लेकाचा. मैफल ऐकायला पुढं बसत नाही.”

घरी येताना आणखी एक कोकरू मिळालं, खाल्लेलं. उजवीकडे सात.

शनिवार, १३ मे

झालं. मीच केलं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी सहाला लाल घळीच्या वरच्या काठावर बसलो. ऊन पाठीशी, वारा तोंडावर. ऑर्व्हलनं पिपाणी माझ्या हातात दिली. “आज ससा नको. आज पिल्लू. बिळातून बाहेर आलेलं, कुणीतरी पकडलेलं पिल्लू. तुझं आयुष्य कोकरांत गेलंय, तुला जमेल.”

मला जमलं. घशात अडकत, वर चढत, मध्येच तुटणारं रडणं. ते शिकवावं लागलं नाही.

दुसऱ्याच खेपेला ती आली. पुस्तकातला वळसा तिनं घेतला नाही, वारा हुंगला नाही. घळीतून सरळ वर आली, झुडपं कापत, तोंड उघडं. तीस पावलांवर थांबली आणि झुडपांच्या बुडाशी पिल्लू शोधू लागली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. मी गोळी झाडली.

जवळ गेलो. आचळं अजून ओलसर, भोवतालचे केस चोखून झडलेले. मेंढीचं आचळ पाहून तिनं कधी पाजलंय ते मी सांगू शकते. तासही झाला नसावा.

“किती असतील बिळात?” मी विचारलं.

“पाच, सहा.”

“त्यांचं काय?”

“दोनतीन दिवसांत आपोआप. नाहीतर खणून काढायची. माझे गुडघे गेलेत. तू खणतेस?”

मी खणलं नाही.

ऑर्व्हलनं तिला रस्त्याकडच्या कुंपणावर मागच्या पायांनी टांगलं. इकडे सगळे तसंच टांगतात, जाणाऱ्या-येणाऱ्याला कळावं म्हणून. बेन्यातनं कधी टांगलं नव्हतं. मी अडवलं नाही.

रविवार, १४ मे

मातृदिन. मायलेननं सकाळीच फोन केला. फुलं पोचली नाहीत म्हणून दुकानाला शिव्या घातल्या. मी सांगितलं की कायोटी मारली. “तू? अमा, तू?” ती म्हणाली, आणि मग, “आता तरी झोप शांत लागेल.”

दुपारी ट्वायला आली, पूर्वेकडच्या नव्या घरातली. तिचा नवरा खाणीत कामाला आहे. तिनं गेल्या वर्षी तीस मेंढ्या घेतल्या आणि एकटीच सांभाळते. सफरचंदाचा केक आणला होता. “मिसेस एलिसाल्डे, तुम्ही म्हणजे कमाल आहात! मला तर बंदुकीचा आवाज ऐकला तरी धडकी भरते. आता माझी कोकरंही सुरक्षित, नाही का?” तिच्या लहान मुलीला कुंपणापाशी उभं करून तिनं फोटो काढला. मुलगी नाक मुरडत होती. “हस की गं,” ट्वायला म्हणाली. मीही म्हणाले, हस.

केक चांगला होता.

सोमवार, २२ मे

नर रोज संध्याकाळी घळीच्या काठावरून ओरडतो. एकटाच. ओरडून झालं की थांबतो. मग पुन्हा.

शिकारीपासून एकही कोकरू खाल्लेलं मिळालं नाही. नऊ दिवस. मला हल्ली झोप लागत नाही, तीन वाजता डोळे उघडतात, त्यामुळे पहाटेची फेरी एकदाही चुकलेली नाही. आज फेरीत एक आडवं आलेलं कोकरू हात घालून वळवलं आणि एकाला आचळाला लावलं, दोन्ही जगली. उजवी बाजू सातावर थांबली आहे. म्हणजे तीच जोडी होती. योग्य तेच केलं.

खड्डाही बुजवला. वास फार यायला लागला होता.

शनिवार, ३ जून

दोन-तीन दिवस वेगळेच आवाज येताहेत. चार-पाच जणांचे, कोवळे, बेसूर, एकदा ओढ्याकडून, एकदा रस्त्यापलीकडून. घळीतल्या जोडीची हाक आठ वर्षं एकाच जागेवरून यायची. ही कुठूनही येते.

ट्वायलाचा फोन. रडत होती. दोन दिवसांत चार कोकरं गेली. “गळा धरून, मिसेस एलिसाल्डे. खाल्लीसुद्धा नाहीत सगळी. तुम्ही तर मारली होती ना ती?”

मी म्हणाले, एक मारली होती.

सोमवार, ५ जून

आज सकाळी माझ्या कुरणात एक मेलं. सहा दिवसांचं धट्टंकट्टं कोकरू, पोट जेमतेम उघडलेलं. आई त्याच्यापाशी उभी राहून पाय आपटत होती. शेडमध्ये एक पोरकं कोकरू बाटलीवर होतं, त्याची आई काल विताना गेली. अशा वेळी करतात तेच करायला घेतलं: मेलेल्याची कातडी सोलून पोरक्याला अंगरख्यासारखी घालायची. वास आपल्या पोराचा आला की मेंढी त्याला पिऊ देते. बेन्यात हे पाच मिनिटांत करायचा. मला वीस लागतात.

मानेची कातडी उलटली आणि सुरी थांबली. आतून सगळं काळंनिळं, साकळलेल्या रक्तानं भरलेलं. जबड्याखाली दोन्ही बाजूंना भोकं. कातडीवरून यातलं काहीच दिसत नव्हतं. जिवंतपणी धरलं की असं होतं. मेलेल्याचं रक्त असं धावून येत नाही.

मग पाय सोडवायला घेतले. खुरं काळी, टणक, कडांना झिजलेली, फटीत वाळलेला चिखल.

मी ते खूर हातात धरून किती वेळ बसले ठाऊक नाही. पोरकं कोकरू माझी बाही चोखत होतं.

कातडी घातली. मेंढीनं हुंगलं, एकदा ढुशी दिली, मग पाजलं. निदान तेवढं झालं.

मंगळवार, ६ जून

ही वही पहिल्यापासून वाचली.

२ मे. “पिवळी, मेणासारखी मऊ. चिखलाचा कणसुद्धा नाही.” माझंच अक्षर.

पोटातून बाहेर येताना कोकराच्या खुरांवर मऊ आवरण असतं, आईला आतून लागू नये म्हणून. उभं राहून दहा-वीस पावलं टाकली की ते झिजून जातं. हे कुठल्या पुस्तकात वाचावं लागत नाही. मला हे माझ्या लग्नाच्या पहिल्या वसंतापासून माहीत आहे. ती कोकरं एकदाही उभी राहिली नव्हती. नंतरच्या चारांची खुरंही तशीच होती, ते मी लिहिलंच नाही. त्यांना मारायला कायोटीची गरजच नव्हती. तोंडावरचा पडदा कुणी पुसला नाही, कुणी उचलून चोळलं नाही, थंडीत पडून राहिली आणि गेली. जोडी नंतर आली. माझ्याच खड्ड्याच्या वासावर आली, आणि जे पडलं होतं ते खाल्लं.

माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. मी खुराला बोट लावून दाबलं होतं.

पुस्तकातलं सोडलेलं प्रकरण आज वाचलं. चित्रं आहेत. एक चित्र खुराचं आहे.

त्याच पुस्तकात, मी पट्टी धरून वाचलेल्या पानांपुढे आठ पानांवर, लिहिलंय की जुनी जोडी आपल्या हद्दीत परक्यांना येऊ देत नाही. ती मोडली की भटकी तरुण पोरं शिरतात आणि त्यांना काय खावं, काय नाही याचा धरबंध नसतो. बेन्यात हे एका वाक्यात सांगायचा, चमचा खाली ठेवून.

गुरुवार, ८ जून

ऑर्व्हलकडे गेले. तो अंगणात ट्रॅक्टरखाली होता.

“तू त्या दिवशी खूर पाहिलं होतंस,” मी म्हणाले.

 ट्रॅक्टरखालून पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. तो सरकत बाहेर आला आणि बसूनच राहिला.

“पाहिलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“बेन्यातची बायको तू. खूर बघायला तुला मी शिकवायचं?” त्यानं कपाळ पुसलं, ते आणखी काळं झालं. “मला वाटलं, तुलाही माहीत आहे. आणि वाटलं, हिला आत्ता कुणावर तरी राग काढायचाय. माझ्यावर काढण्यापेक्षा कायोटीवर काढलेला बरा.”

“तिला पिल्लं होती, ऑर्व्हल.”

“मेमध्ये सगळ्यांना असतात. मी आयुष्यात शेकडो मारल्यात, गाशू. मला विचारू नकोस. मला ते विचारणारं माणूस नकोय.”

मी निघाले तेव्हा तो मागून म्हणाला, “तू फेरीला येत नव्हतीस ते मला दिसायचं. दिवा लागायचा नाही तुझा. मी यायला हवं होतं.”

 आजवर मला वाटत होतं की चुकलेल्या फेऱ्या फक्त मला आणि या वहीला माहीत आहेत. तो ते सगळे दिवस माझ्या अंधाऱ्या खिडकीकडे पाहत होता, आणि मी त्याच्यासमोर ‘कायोटी, कायोटी’ करत होते.

शुक्रवार, ९ जून

तिला कुंपणावरून उतरवलं. काही वजनच उरलं नव्हतं. बेन्यातच्या कोटात गुंडाळून लाल घळीत नेलं. बीळ शोधावं लागलं नाही. तोंडापाशी माती खूप तुडवलेली होती, आणि वाळलेला एक सशाचा पाय, एक अर्धा पक्षी, एक अख्खा उंदीर. नरानं आणून ठेवलेलं. आतून कुणी घ्यायला आलं नव्हतं. पिल्लं अजून दुधावर होती.

बिळाच्या तोंडावर तिला ठेवून दगड रचले. कोट तिथेच राहू दिला. प्रार्थना करावी असं वाटलं, पण मी कुठल्या तोंडानं करणार.

शनिवार, १० जून

ट्वायलाकडे गेले. ट्रकमध्ये माझ्या नऊ मेंढ्या, नऊ कोकरांसकट. तिची तोवर नऊ गेली होती.

सगळं सांगितलं. झोपेपासून. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती, हाताला पीठ लागलेलं.

“म्हणजे कायोटीनं तुमचं एकही मारलं नव्हतं?”

“नाही.”

“आणि ती होती म्हणून माझ्याकडे कुणी येत नव्हतं?”

“हो.”

“आणि मी केक घेऊन आले.” ती म्हणाली. “माझ्या मुलीला तिच्याशेजारी उभं केलं मी. तुम्ही म्हणालात, हस.”

“म्हणाले.”

“तो फोटो फ्रिजवर लावलाय. माझ्या आईलाही पाठवला.”

मी उभी राहिले. ती आत गेली, हात धुऊन आली, आणि मेंढ्या उतरवायला लागली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, “राहू द्या. मला जमतं.” आभार मानले नाहीत. मानले असते तर मला तिथं उभं राहता आलं नसतं.

ट्रकमध्ये बसले तेव्हा ती काचेपाशी आली. “मिसेस एलिसाल्डे, ती आत्ताची पोरं, ती किती दिवस असतील इथं?”

मी सांगितलं, यातली एक जोडी जमून हद्द धरेपर्यंत. दोन वर्षं, तीन. पुस्तकात तसं आहे.

“तीन वर्षं माझ्याकडे नाहीत,” ती म्हणाली.

रविवार, ११ जून

शेडच्या दारावर उजवीकडे ओलं फडकं फिरवलं. डावीकडे सहा होत्या. उजवीकडच्या सात तिकडे नेल्या. तेरा. उजवीकडे सोमवारचं एक ठेवलं.

मग मायलेनला फोन केला. ट्वायलाला सांगताना इतकं जड गेलं नव्हतं.

 ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “अमा, दहा हा आकडा तूच सहज म्हटला होतास. तो काही कायदा नव्हता.”

“ठरलं होतं ते ठरलं.”

“तुला राहायचं असेल तर रहा. मी काही नाही म्हणणार.”

“म्हणूनच नको. तू नाही म्हणणार नाहीस, ऑर्व्हल काही बोलणार नाही, आणि पुढच्या वसंतात मी पुन्हा कुणाला तरी टांगीन.”

ती रडत होती असं वाटतं. “आइता असता तर काय म्हणाला असता?”

“काही नाही. सकाळी बादली उचलून गेला असता.”

सप्टेंबरमध्ये कोकरं आयांपासून तोडली की सगळी विकायची. मायलेन ट्रकवाल्याशी बोलणार आहे. तिच्याकडची खोली पूर्वेला आहे, ऊन लवकर येतं म्हणाली. मी म्हणाले, मला लवकर उठायची सवय आहे. 

शनिवार, १ जुलै

एक कोकरू पोट फुगून गेलं. मानेची कातडी सोलून पाहिली. पांढरी, स्वच्छ. डावीकडे रेघ. चौदा.

बादलीत घातलं आणि दूरच्या नाल्याकडे निघाले. दीड मैल, चार वेळा बसले. म्हातारा कुत्रा बेल्त्झाही मागे आला, आता तो बहिरा झालाय, पण वाट त्याच्या पायांत आहे. नाल्याच्या काठावर जुन्या हाडांचा पांढरा पट्टा आहे, चाळीस वर्षांचा. मला वाटायचं हा माणूस स्वच्छतेपायी इतकं चालतो; तो वास कळपापासून दूर ठेवत होता.

बादली ओतली. वळले तर पलीकडच्या चढावर नर. डावा कान फाटलेला, ऑर्व्हल सांगायचा तसाच. त्यानं मला पाहिलं होतं. तो सरळ आला नाही. सावकाश, मोठा वळसा घालून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला. मी हलले नाही. त्यानं नाक वर केलं आणि वास घेतला.

ती आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. यानं पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही.

मग बादलीतून पडलेल्या कशालाही तोंड न लावता तो चढ चढून गेला.

मी बादली उपडी करून तिच्यावर थोडा वेळ बसले. सावल्या लांब झाल्या, संध्याकाळच्या फेरीची वेळ झाली, तशी उठले.